गु. ना. न.

३ जून, सोमवार

आज कामावर रुजू झाले. ही वही लेकीची, अर्धी कोरी राहिलेली. मला रोज लिहायची सवय नाही. पण जे वाटतंय ते सांगायचं कुणाला? वरच्या मजल्यावर दादा आहे, त्याला सांगितलं तर हसेल. लेक हॉस्टेलवर, तिला सांगितलं तर अभ्यास सोडून माझी काळजी करत बसेल. म्हणून कागदाला सांगतेय.

मी घाबरले आहे. सत्तेचाळीस वर्षांची बाई, बी.एस्सी., आणि ब्युरेट हातात धरून बावीस वर्षं झाली. मुलाखतीत मॅनेजरने विचारलं, "टायट्रेशन येतं ना?" मी म्हटलं, "हो." येत होतं कधीतरी, असं म्हणायला हवं होतं. त्यांना सगळे मागून घाईसाहेब म्हणतात, कारण त्यांचं प्रत्येक वाक्य "घाई आहे" इथे संपतं. माझंही "हो" त्यांनी पूर्ण ऐकलं नाही, घाई होती.

कारखान्यात काकड्या आणि छोटे कांदे सिरक्याच्या पाण्यात घालून बरण्या भरतात. त्या पाण्यातलं आम्ल शेकडा १.२ च्या खाली जाता कामा नये. कमी पडलं तर बंद बरणीत हवेवाचून वाढणारे जंतू विष तयार करू शकतात. त्या विषाला वास नाही, चव नाही. आधी माणसाला दोन-दोन दिसायला लागतं, मग जीभ जड होते, मग श्वास अडतो. घाईसाहेबांनी हे जिना उतरता उतरता सांगितलं आणि शेवटी म्हणाले, "तुमच्या सहीशिवाय एक बरणी बाहेर जात नाही."

आधीच्या केमिस्ट, जुन्या बाई, गेल्या महिन्यात सोडून गेल्या. चौतीस वर्षं एकट्यांनी सांभाळलं. जाताना एक वही ठेवून गेल्यात. शब्दांच्या बाबतीत भारी कंजूष बाई. लॅबच्या दारावर आतून चिठ्ठी आहे, "गप्पा न." म्हणजे गप्पा नको. दिवसभरात एवढंच एक हसू आलं.

४ जून, मंगळवार

सकाळी लवकर उठून लेकीचं बारावीचं पुस्तक उघडलं. बुद्धीला गंज चढलाय. शेवटी तिलाच फोन केला आणि सहज विचारतेय असं दाखवलं. तिने ओळखलं. "आई, तुला येत नाहीये ना? मग सरळ सांग की."

मग तिने शिकवलं. बरणीतलं पाणी दहा मिली घ्यायचं. त्यात आम्ल किती ते आपल्याला माहीत नाही. वरून ब्युरेटमधून कॉस्टिक सोडा सोडायचा, त्याची ताकद मात्र माहीत असते, ०.१. सोडा आम्लाला मारत जातो. जेवढं आम्ल, तेवढा सोडा. दोघं बरोबरीला आले की थांबायचं आणि किती सोडा लागला ते वाचायचं. आकड्याला ०.०६ ने गुणलं की शेकडा आम्ल. वीस मिली लागले तर बरोबर १.२. म्हणजे माझी लक्ष्मणरेषा वीस.

"पण बरोबरी झाली ते कळायचं कसं?" मी विचारलं.

"रंग दाखवणारं औषध घालायचं, आई. दर्शक." लॅबमध्ये दोन दर्शक आहेत. फिनॉल्फ्थॅलीन आणि मिथिल ऑरेंज. जुन्या बाईंनी बाटल्यांवर सरळ "गुलाबी" आणि "नारंगी" लिहिलंय. सिरका हे दुबळं आम्ल आणि सोडा दांडगा, त्यामुळे बरोबरी होते तेव्हा पाणी सोड्याच्या बाजूला झुकलेलं असतं. तिथे गुलाबीचा रंग बदलतो. नारंगी त्याच्या कितीतरी आधीच बदलून मोकळी होते. म्हणून सिरक्याला गुलाबी.

"आणि सोड्याचीच ताकद तपासायची असेल तर?"

"ती दांडग्या आम्लाने तपासतात. दोघं दांडगे, मग दोन्ही दर्शक चालतात."

लिहून ठेवलं. सिरका, गुलाबी. सोडा, दोन्ही.

६ जून, गुरुवार

जुन्या बाईंची वही उलगडणं म्हणजे डॉक्टरची चिठ्ठी वाचणं. सिरका "सि.", नारंगी "ना.", पाणी "पा.". सोड्याच्या पानावर एवढंच आहे, "सोडा तपास: गु. ना. न." बराच वेळ डोकं खाजवलं. मग उजेड पडला. गुरुवारी, नारंगी, नवीन. म्हणजे दर गुरुवारी सोडा तपासायचा, नारंगीने, आणि दर वेळी नवीन बाटली उघडायची. आज नेमका गुरुवार. लगेच केलं. दहा मिली सोड्याला बरोबर १०.० मिली आम्ल लागलं. सोड्याची ताकद ०.१, चोख.

इतकं बरं वाटलं की येताना दादासाठी पेरू घेतले. म्हणाला, "काय गं, पास झालीस वाटतं."

१४ जून, शुक्रवार

सोड्याच्या मोठ्या कॅनला रबरी बूच आहे आणि बुचात पांढऱ्या दाण्यांची काचेची नळी. दाणे ओले होऊन गच्च बसलेत, हवा आत जात नाही, त्यामुळे सोडा बाहेर यायला रडतो. आज वैतागून नळी काढली आणि तिथे कापसाचा बोळा बसवला. आता कसा झरझर येतो. एवढी साधी गोष्ट बाईंना चौतीस वर्षांत सुचली नाही, याचं नवल वाटलं. थोडा अभिमानही वाटला, खोटं कशाला लिहू.

पट्टी तिरकी लागलेल्या बरण्या दर शुक्रवारी आम्हाला घरी न्यायला मिळतात. तीन आणल्या. पोटाच्या ऑपरेशननंतर दादाच्या तोंडाला चव नाही, पण हे कांदे त्याला आवडले. झाकणावरच्या पट्टीवर "तपासले" आणि खाली माझ्या सहीचा शिक्का असतो. त्याने चष्मा लावून तो दोनदा वाचला. "आपल्या घराण्यात सही छापून येणारी तू पहिली." हे हयात असते तर यांनीही असंच काहीतरी म्हटलं असतं.

२३ जून, रविवार

लेक दोन दिवस आली आणि गेलीसुद्धा. घर परत रिकामं. निघताना मामा-भाचीची काहीतरी कुजबुज चालली होती. दादाने तिच्या पिशवीत काहीतरी कोंबलं, मला बघू दिलं नाही. लाडूच असणार, नाहीतर तिला आवडतात ती बिस्किटं. मला डबा भरताना कधी मदत करत नाही, पण पिशव्या फुगवायला पुढे.

२७ जून, गुरुवार

सोडा तपासला, नारंगी, नवी बाटली, १०.०. सगळं ठीक आहे. तरी एक खटकतंय. सिरक्याला गुलाबी रंग येतो आणि मिनिटभरात उडतो. मग मी आणखी एक थेंब टाकते, कधी दोन. लेकीला विचारावं असं वाटलं, पण तिची परीक्षा जवळ आलीय.

स्टोअरवाले काका म्हणाले, "मॅडम, तुम्ही आल्यापासून सिरक्याचा पिंप जास्त दिवस पुरतोय." घाईसाहेबांनी ते ऐकलं आणि चक्क थांबून म्हणाले, "वा." मी मान डोलावली. पण बसमध्ये बसल्यावर मनात आलं, कांदे तेवढेच, बरण्या तेवढ्याच, मग सिरका कमी का लागावा? खिडकीतून बघत बसले.

५ जुलै, शुक्रवार

दादा म्हणतो, "तुझे कांदे गोड झालेत." मी म्हटलं, तुझी जीभ बिघडलीय. तो म्हणाला, "जीभ बिघडली तेव्हाच तर आंबट लागत होते." रागच आला मला. माझा आकडा २०.२ आहे, आणि मी आकड्यावर विश्वास ठेवू की ऑपरेशन झालेल्या जिभेवर? तीन बरण्या त्याच्या ओट्यावर आपटल्या आणि खाली आले.

आता दोन तास झाले. राग गेलाय आणि त्या जागी भीती येऊन बसलीय. कशाची, ते कळत नाही.

११ जुलै, गुरुवार

घाईत लिहितेय, अक्षर लागलं नाही तरी चालेल.

सकाळी सोडा तपासायला गेले तर नारंगी संपलेली. स्टोअरवाले काका म्हणाले, "मॅडम, तुम्ही महिन्यात पाच बाटल्या संपवल्या. जुन्या बाईंना तीन वर्षांत एक लागायची. त्या गुलाबीनेच सगळं करायच्या."

म्हटलं, ठीक आहे, सोड्याला दोन्ही चालतात. गुलाबी घातली. ९.१ ला रंग गेला. माझा हात चुकला असेल म्हणून परत केलं. ९.१. पिपेट धुतलं, फ्लास्क धुतला, परत केलं. ९.१.

सोडा तोच, आम्ल तेच. नारंगी म्हणते दहा, गुलाबी म्हणते नऊ. एक जण खोटं बोलतेय आणि माझ्या सगळ्या सह्या नारंगीच्या भरवशावर आहेत. कुणालातरी विचारावं म्हणून दाराकडे वळले. दारावर चिठ्ठी होती. गप्पा न.

गप्पा नको.

ना. न. नारंगी नको.

गु. म्हणजे गुरुवार नव्हता. गुलाबी होती. बाईंनी तीन अक्षरांत सांगितलं होतं, सोडा गुलाबीने तपास, नारंगी नको, आणि मी महिनाभर नेमानं, वार पाळून, नव्या बाटल्या फोडून त्याच्या बरोबर उलट करत आले. स्टुलावर बसले तर स्टूल मागे सरकलं आणि मी जमिनीवर. तशीच बसून राहिले.

बाईंना फोन लावला. सगळं सांगितलं. मग म्हणाल्या, "नळी काढलीत? तो सोडा हवेतला वायू पितो, बाई. म्हणून तर दाण्यांची नळी, वायू दाण्यांनी अडवावा म्हणून. दाणे ओले झाले तर बदलायचे. वायू प्यायलेला सोडा नारंगीला ओळखू येत नाही, ती त्यालाही पूर्ण ताकदीचाच समजते. गुलाबीला कळतं. सिरका तुम्ही गुलाबीने मोजता ना, मग सोडाही तिच्याच डोळ्यांनी बघायला हवा."

"माझी लेक म्हणाली होती दोन्ही चालतात."

"ताज्या सोड्याला चालतात. बरोबर सांगितलं तिने." आणि म्हणाल्या, "मला ती फिकट गुलाबी दिसेनाशी झाली, म्हणून मी नोकरी सोडली. तुम्हाला दिसत होती."

फोन ठेवला आणि हिशेब केला. माझ्या २०.२ ला सोडा ०.१ धरला तर १.२१ येतं. ०.०९१ धरला तर १.१०. आम्ल कमी होतं. सोडा दुबळा म्हणून जास्त लागत होता, आणि जास्त लागला म्हणून मला आम्ल भरपूर वाटत होतं. माझा आकडा वीसवर गेला की खाली सिरका ओतणं थांबवत, पिंप त्यामुळे पुरत होता. कांदे त्यामुळे गोड लागत होते. महिनाभर सगळे मला सांगत होते, रंगसुद्धा उडून उडून सांगत होता.

आता जे लिहिणार आहे ते कुणी वाचू नये. खिडकीतून खाली ट्रक भरताना दिसत होता. मला वाटलं, कॅन मोरीत ओतावा, नवा सोडा करावा, नवे दाणे भरावेत, उद्यापासून गुलाबी. कुणाला काय कळणार आहे? अजून कुणाला काही झालेलं नाही. बाई वर्षानुवर्षं कुणाशी बोलत नाहीत. पाच मिनिटं मी हाच विचार करत होते. घड्याळ समोरच होतं, म्हणून माहीत आहे. मग दादाचा ओटा डोळ्यांपुढे आला, तीन बरण्यांचा.

खाली धावले. घाईसाहेब ट्रकपाशी होते. "मॅडम, सही राहिली, घाई आहे." मी म्हटलं, "ट्रक सोडू नका. माझे आकडे चुकलेत. चौदा जूनपासूनचे सगळे धरा."

मला वाटलं ओरडतील. ते ट्रकच्या फळीवर खाली बसले, रुमालाने कपाळ पुसलं, आणि म्हणाले, "सावकाश सांगा."

११ जुलै, संध्याकाळ

दादा भरदुपारी झोपलेला होता. हलवून उठवलं. डोळे चोळून उशीखालचा चष्मा लावला आणि म्हणाला, "तू आज दोन-दोन का दिसतेयस?"

त्याची जीभ बघायला मागितली, बोट धरायला लावलं, एक ते वीस म्हणायला लावलं. त्याने सगळं केलं आणि मग चष्मा काढून दाखवला. एक काच तडकलेली. "झोपेत अंगाखाली आला. उद्या दुकानात द्यायचाय. तुला काय झालंय?"

सांगितलं. तो हसला नाही. मीच इतकी वर्षं समजत होते की हा हसेल.

एकूण बारा बरण्या मी त्याला दिल्या. तीन खाऊन संपल्या. दोन फ्रिजमध्ये होत्या, त्या मी पिशवीत घातल्या. बाकीच्या त्याने वाटल्या. का, तर बहिणीची सही दाखवायला. समोरच्या काकूंना, शेजारच्या दोघांना, वाचनालयात, न्हाव्याला, आणि कहर म्हणजे त्याच्या ऑपरेशनच्या डॉक्टरला. दोघं मिळून दारोदार फिरलो. चार उघडून खाल्लेल्या, दोन बंद. काकूंनी विचारलं, "चांगल्या होत्या, परत का नेता?" मी म्हटलं, माझं चुकलंय, कुणाला बरं नाही वाटलं तर लगेच दवाखान्यात जा, आणि कांद्यांबद्दल मी लिहिलेली ही चिठ्ठी दाखवा. हे वाक्य सहा दारांत म्हटलं. प्रत्येक दारात माझा आवाज आणखी बारीक झाला.

तीन, दोन आणि सहा. अकरा होतात. बारावी दादाला आठवत नाही. डोक्याला हात लावून बसलाय.

१२ जुलै, शुक्रवार

सकाळी कामावर जाण्याआधी ही वही उघडली. कुठली बरणी कधी आणली त्याच्या तारखा बघायच्या होत्या. २३ जूनला येऊन थांबले. "दादाने तिच्या पिशवीत काहीतरी कोंबलं, मला बघू दिलं नाही."

माझ्याच हाताने लिहिलंय. लाडूच असणार, म्हणे.

फोन लावला, बंद. परत लावला. मग आठवलं, आज तिचा पेपर, दहा ते एक. हॉस्टेलच्या ऑफिसात लावला, तिथे एक बाई म्हणाली की मुली सगळ्या परीक्षेला गेल्यात, आजारी म्हणून कुणी खोलीवर नाही. म्हणजे सकाळपर्यंत तरी चालत होती. याच्यापुढे काही सुचेना. लॅबमध्ये गेले. घाईसाहेबांनी दुकानांना फोन लावायला चार माणसं बसवली होती, एकीकडे परत आलेल्या बरण्या उतरत होत्या. मी तिथे उभी राहून खोके मोजत होते आणि दर पाच मिनिटांनी बटण दाबत होते. तीन तास जीव टांगणीला लागला होता. बरणी तिच्या खोलीत असेल, चार मुली मिळून खात असतील, आणि चौघींच्या आया माझ्यासारख्याच कुठेतरी खोके मोजत असतील.

एक वाजून दहा मिनिटांनी तिचाच फोन आला. "आई, तेवीस मिस कॉल? मामा बरा आहे ना?"

"तुला दोन-दोन दिसतंय का?"

"काय?"

"बरणी. मामाने दिलेली बरणी."

"ती होय. त्याने तुला सांगितलं? गुपित होतं आमचं. आहे की, टेबलावर आहे."

"खाल्लीस?"

"खाऊ कशी? तुझी सही आहे तिच्यावर. पहिली नोकरी, पहिली सही. सगळ्यांना बजावलंय, कुणी हात लावायचा नाही."

मला रडू आलं. खोके उतरवणारी माणसं बघत होती, बघू देत. मग सगळं सांगितलं, गुरुवारपासून कापसाच्या बोळ्यापर्यंत. मग एकदम बारीक आवाजात म्हणाली, "आई, दोन्ही चालतात असं मीच म्हटलं होतं."

या एका वाक्याने जेवढी भीती वाटली तेवढी काल जमिनीवर बसले तेव्हाही वाटली नव्हती. हे ओझं तिच्याकडे जाता कामा नये. मी म्हटलं, "तू बरोबर सांगितलं होतंस. जुन्या बाईंनीही बरोबर लिहिलं होतं. वाचलं मी चुकीचं. सही कुणाची आहे त्या झाकणावर?"

"तुझी."

"मग झालं तर."

१८ जुलै, गुरुवार

बाहेरच्या प्रयोगशाळेचा अहवाल आला. तपासलेल्या बरण्यांत विष सापडलं नाही. आम्ल कमी होतं, पण जंतूंना फावेल इतकं कमी नव्हतं. कुणी आजारी पडल्याचं अजून कळलेलं नाही. "अजून" हा शब्द मी आता प्रत्येक वाक्यात घालते. नऊ हजार बरण्यांपैकी सोळाशे परत आलेल्या नाहीत. त्या कुठल्यातरी फडताळात आहेत, नाहीतर पोटात. फोन वाजला की पहिल्या रिंगलाच उचलते.

नोकरीचं काय ते सोमवारी ठरेल. तोपर्यंत काम करा म्हणाले. कॅनला नवे कोरडे दाणे भरले. नवा सोडा तपासला, गुलाबी, १०.०. तीनदा. उद्या परत तपासणार, वार न बघता. बाईंच्या वहीतलं ते पान खोडलं नाही, त्याच्याखाली सगळं पूर्ण शब्दांत लिहिलं. सहीचा शिक्का घाईसाहेबांना परत दिला. आता प्रत्येक खेपेच्या कागदावर हातानेच सही करणार. आज केली, वाकडी आली.

जेवायच्या सुट्टीत लेकीचा मेसेज आला. बरणी उद्याच्या पार्सलने कारखान्यात पाठवतेय, पण झाकणावरची सहीची पट्टी अलगद सोडवून ठेवलीय, ती तरी ठेवू का माझ्याकडे?

मी लिहिलं, "न."

पाठवायच्या आधी वाचलं, भीती वाटली, आणि पूर्ण लिहिलं. "नको."